धुराचं भाडं



पर्यावरणावर बोलाल का, असा केंद्रावरून फोन आला तेव्हा पलीकडच्या बाईंनी स्वतःच सुचवलं, "झाडांवर बोला, पावसावर बोला. तुम्ही कवी आहात, छान होईल." कवी म्हटला की त्याने झाडावर बोलावं अशी आपल्याकडे एक समजूत आहे. मी त्यांना म्हटलं, "मी ट्रकवर बोलतो." क्षणभर फोन बंद पडला असं मला वाटलं. मग त्या म्हणाल्या, "बघा, चालेल."

त्याचं कारण सांगतो. मी पनवेलचा. बी.ए. झालो तेव्हा न्हावा-शेव्याचं बंदर सुरू होऊन दोन-तीन वर्षंच झाली होती. १९८९ साली ते सुरू झालं. कवितेवर घर चालत नाही हे अब्बांनी मला लवकर समजावलं, आणि मी एका क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीत चिकटलो. कागद घेऊन कस्टममध्ये जायचं, शिक्के मारून घ्यायचे, ट्रेलरवाल्याला फोन करायचा, आणि कंटेनर कुठे अडकला ते शोधायचं. बरीच वर्षं हेच केलं. माझ्या पहिल्या संग्रहातल्या निम्म्या कविता रांगेत उभ्या असलेल्या ट्रेलरांच्या कडेला, बिलांच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेल्या आहेत. त्यामुळे माझ्यासाठी धूर ही लांबची गोष्ट नाही. अम्मी दुपारी वाळत घातलेली पांढरी ओढणी संध्याकाळी काढायची तेव्हा दोरीवरच झटकायची आणि म्हणायची, "घे, तुझ्या कचेरीतून पत्र आलंय."

बंदरावरच्या ट्रकांचं एक वेगळंच गणित असतं. ते कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. नवा कोरा ट्रक कुणी बंदरावर लावत नाही. नवा ट्रक लांब पल्ल्याला जातो, कारण तिथे भाडं चांगलं मिळतं आणि तिथे वाटेत बंद पडून चालत नाही. तोच ट्रक दहा-बारा वर्षांनी थकला की तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे येतो आणि बंदर ते गोदाम अशा आखूड फेऱ्या मारू लागतो. शेतातून निवृत्त झालेला बैल घाण्याला जुंपावा तसं. जगातल्या बहुतेक बंदरांवर हेच होतं. म्हणजे सगळ्यांत जुनी, सगळ्यांत जास्त काजळी ओकणारी इंजिनं नेमकी एकाच ठिकाणी गोळा होतात. ती तिथे धावत नाहीत, उभी राहतात. फाटकाशी रांग, आत क्रेनपाशी रांग, रिकामा कंटेनर परत करायला पुन्हा रांग. रांग पुढे सरकत असते म्हणून इंजिन बंद करता येत नाही. आणि ड्रायव्हरला पैसे मिळतात ते फेरीचे, तासांचे नव्हेत. त्याचे चार तास गेले तर त्याचेच गेले. मालवाल्याचे नाहीत, जहाजवाल्याचे नाहीत, बंदराचे तर नाहीतच. ज्याचं नुकसान होत नाही तो रांग कशाला कमी करील?

गंमत म्हणजे कंटेनर ही कल्पना ज्याने रुजवली तो अमेरिकेतला माल्कम मॅकलीन मूळचा ट्रकवालाच. १९५६ च्या एप्रिलमध्ये न्यूअर्कहून ह्यूस्टनला ५८ कंटेनर घेऊन त्याचं पहिलं जहाज गेलं. गोदीत दिवसेंदिवस चालणारं हमालीचं काम त्याने तासांवर आणलं. पण जहाजाची रांग संपली आणि ट्रकची रांग सुरू झाली.

आता तुम्हाला मी थोडा लांब, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर घेऊन जातो. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच ही दोन बंदरं एकाच खाडीला, एकमेकांना खेटून आहेत. दोन वेगळ्या नगरपालिकांची, एकमेकांशी स्पर्धा करणारी, पण धूर मात्र एकच. अमेरिकेत कंटेनरमधून येणाऱ्या मालाचा फार मोठा वाटा या एकाच खाडीतून उतरतो. चीनमधून आलेली खेळणी, बूट, टीव्ही, सगळं. बंदरांच्या मागे विल्मिंग्टन, सॅन पेद्रो, पश्चिम लाँग बीच या वस्त्या. तिथे राहणारे बहुतेक कष्टकरी, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेले, काही काळे, काही फिलिपिनो. त्यांच्या शाळांच्या शेजारून ७१० क्रमांकाचा महामार्ग जातो, आणि त्यावर ट्रकांची माळ तुटत नाही. तिथल्या लोकांनीच त्या पट्ट्याला डिझेलच्या मृत्यूचा पट्टा असं नाव दिलं.

१९९८ साली कॅलिफोर्निया राज्याने डिझेलच्या काजळीला विषारी प्रदूषक म्हणून जाहीर केलं. ही काजळी इतकी बारीक असते की नाकाच्या केसांना ती अडवता येत नाही, ती सरळ फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते. २०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोगकारक ठरवलं. पण वस्तीतल्या आयांना ते कुणी सांगायला नको होतं. पोराच्या दप्तरात वहीशेजारी दम्याचा पंप ठेवणाऱ्या बाईला संशोधनाची वाट बघावी लागत नाही.

२००१ साली तिथल्या रहिवाशांच्या संघटना आणि एक पर्यावरणवादी संस्था कोर्टात गेल्या. एका चिनी जहाज कंपनीसाठी नवा धक्का बांधला जात होता, त्याचा हवेवर काय परिणाम होईल हे नीट तपासलंच नाही, असा दावा होता. काम अडलं. २००३ साली समझोता झाला, आणि धक्क्याला लागलेल्या जहाजाने आपलं इंजिन बंद करून किनाऱ्यावरची वीज घ्यायची अशी सोय त्यातून झाली. माझ्या मते खरा धडा इथे आहे. बंदरवाल्यांना आणि धंदेवाल्यांना तेव्हा पहिल्यांदा उमगलं की हवा साफ केल्याशिवाय धंदा वाढवता येणार नाही. कुणाचं मन बदललं असं म्हणण्यापेक्षा हिशेब बदलला असं म्हणू. मला त्यात काही वाईट वाटत नाही. मन बदलायची वाट बघत बसलो तर दोन पिढ्या खोकत जातील.

ट्रकांच्या रांगेचं पाहा. २००२ साली कॅलिफोर्नियाने कायदा केला की फाटकाशी ट्रक तीस मिनिटांपेक्षा जास्त इंजिन चालू ठेवून उभा राहिला तर दंड ड्रायव्हरला नाही, धक्का चालवणाऱ्या कंपनीला, अडीचशे डॉलर. हे मला फार आवडलं. आमच्याकडे दंड म्हटला की हात ड्रायव्हरच्या खिशाकडे जातो. त्यानंतर आणखी कडक कायद्याची तयारी सुरू झाली, तेव्हा धक्के चालवणाऱ्या कंपन्या स्वतःच एकत्र आल्या आणि २००५ च्या जुलैमध्ये त्यांनी पिअरपास नावाची योजना आणली. फाटकं रात्री आणि शनिवारीही उघडी ठेवायची. दिवसा माल नेणाऱ्याने वीस फुटी कंटेनरमागे चाळीस डॉलर जादा द्यायचे, रात्री नेला तर काही नाही. बघता बघता बराच माल रात्रीकडे सरकला. दिवसाचे रस्ते मोकळे झाले.

पण माणूस कुठलाही असो, आकडा दिसला की त्याचा आडोसा शोधतोच. जादा पैसे संध्याकाळी सहाला थांबायचे. मग साडेचार-पाचपासूनच ट्रक येऊन फाटकाबाहेर उभे राहू लागले, सहा वाजण्याची वाट बघत. रांग कमी करायला आणलेल्या योजनेने सहाची एक नवीच रांग तयार केली. शेवटी २०१८ साली योजना बदलली. दिवस-रात्र सारखाच आकार ठेवला आणि ट्रकला वेळ नेमून द्यायला सुरुवात केली. तेरा वर्षं लागली या दुरुस्तीला. पण उद्योगाने स्वतः काही करून बघितलं, चुकलं, पुन्हा बदललं, एवढं श्रेय द्यायलाच हवं.

आता मोठी गोष्ट. २००६ च्या नोव्हेंबरात दोन्ही बंदरांनी मिळून स्वच्छ हवेचा आराखडा मंजूर केला. जे एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायचे ते एका टेबलाशी बसले. त्यातला ट्रकांचा भाग १ ऑक्टोबर २००८ रोजी अमलात आला. त्या दिवसापासून १९८९ च्या आधीच्या ट्रकला बंदरात प्रवेश बंद. सुमारे दोन हजार ट्रक एका सकाळी फाटकाबाहेर राहिले. १ जानेवारी २०१० पासून १९९३ पर्यंतचे बंद आणि त्यानंतरच्या जुन्या ट्रकना काजळीची गाळणी बसवणं आवश्यक. १ जानेवारी २०१२ पासून २००७ चे निकष न पाळणारा एकही ट्रक आत नाही. त्या वर्षापासूनच्या इंजिनांना धुराच्या नळीतच गाळणी असते, ती काजळी पकडते आणि आतल्या आत जाळून टाकते.

सोळा-सतरा हजार ट्रक बदलायचे होते. एकेका नव्या ट्रकची किंमत लाख डॉलरच्या वर. पैसे आणायचे कुठून? मालाच्या धन्याकडून. जुन्या ट्रकमधून माल गेला की वीस फुटी कंटेनरमागे पस्तीस डॉलर भरायचे, असा आकार २००९ च्या फेब्रुवारीपासून लागला. स्वच्छ ट्रकला माफी. लॉस एंजेलिस बंदराने वर नवा ट्रक आणणाऱ्या वाहतूक कंपन्यांना गाडीमागे वीस हजार डॉलर प्रोत्साहन दिलं. त्यावर कंपन्या इतक्या वेगाने तुटून पडल्या की मुदतीच्या आधीच बहुतेक ट्रक बदलले. बंदराच्या ट्रकांतून निघणारी काजळी नव्वद टक्क्यांहून अधिक घटली. तीन-चार वर्षांत! आपण ज्याला अशक्य म्हणतो त्यातलं बरंचसं नुसतं महाग असतं.

याच सुमारास मोठ्या दुकानदार कंपन्याही पुढे आल्या. वॉलमार्ट, टार्गेट, होम डेपो, नायकी यांच्यासारख्या. माल त्यांचा, बदनामीही त्यांचीच होणार. त्यातल्या काही कंपन्यांनी, वाहतूकदारांनी आणि ट्रक बनवणाऱ्यांनी मिळून 'कोअलिशन फॉर रिस्पॉन्सिबल ट्रान्सपोर्टेशन' नावाची आघाडी केली. लॉस एंजेलिसमध्ये जे झालं ते देशभर सक्तीने लादण्यापेक्षा आम्ही आपणहून करतो, असं त्यांचं म्हणणं. २०११ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने त्यांना सोबत घेऊन बंदरी ट्रकांसाठी योजना सुरू केली. वाहतूकदाराने तीन वर्षांत आपल्या ताफ्याची काजळी धंद्यातल्या सरासरीच्या निम्म्यावर आणायची, आणि मालाच्या धन्याने आपला पाऊण माल अशाच वाहतूकदारांकडून न्यायचा. कल्पना साधी आहे. ट्रकवाल्याला नवा ट्रक घे म्हणून सांगायचं आणि माल मात्र सगळ्यांत स्वस्त भाडं लावणाऱ्या जुनाट गाडीला द्यायचा, ही लबाडी त्यात बंद होते. निदान कागदावर.

कागदावर म्हणतो, कारण आपखुशीचा मामला आपखुशीपुरताच चालतो. पूर्व किनाऱ्यावर न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या बंदराने असंच ठरवलं होतं की २०१७ उजाडताच २००७ च्या आधीच्या इंजिनांना बंदी. पण ट्रक बदलायला पुरेसा पैसा मिळाला नाही आणि २०१६ सालीच बंदराने माघार घेतली. फरक एवढाच, की लॉस एंजेलिसमध्ये फाटक खरोखर बंद झालं होतं.

इथपर्यंत ऐकलंत तर तुम्हाला वाटेल, छान झालं की! मलाही तसंच वाटलं होतं. मी हे सगळं वाचून काढलं ते माझ्या भाच्यामुळे. तो उरणला असतो, त्याच्याकडे स्वतःचा एक ट्रेलर आहे. एका ईदला जेवणं झाल्यावर मी त्याला मोठ्या उत्साहाने ही लॉस एंजेलिसची हकिकत सांगितली. त्याने शीरखुर्म्याची वाटी खाली ठेवली आणि एकच विचारलं, "मामू, ते सगळं ठीक. त्या दोन हजार गाड्यांच्या मालकांचं पुढे काय झालं?"

मला सांगता आलं नाही. म्हणून पुन्हा वाचायला बसलो.

झालं ते असं. त्या बंदरांवरचे बहुतेक ड्रायव्हर कुणाचेच नोकर नव्हते. कागदोपत्री ते स्वतंत्र व्यावसायिक, म्हणजे गाडी त्यांची, डिझेल त्यांचं, टायर त्यांचा, आजारपणही त्यांचंच. जुनी गाडी आठ-दहा हजार डॉलरला मिळायची तेव्हा ते जमत होतं. लाख डॉलरची गाडी त्यांना कोण देणार? लॉस एंजेलिस बंदराला हे ठाऊक होतं. म्हणून त्यांच्या योजनेत एक कलम होतं: वाहतूक कंपन्यांनी ड्रायव्हरांना नोकरीत घ्यावं, गाड्या कंपनीने विकत घ्याव्यात आणि सांभाळाव्यात. कामगारांची टीमस्टर्स संघटना आणि पर्यावरणवादी तेव्हा एकत्र उभे होते, असं दृश्य क्वचित दिसतं. शेजारच्या लाँग बीचने मात्र हे कलम घेतलं नाही.

वाहतूकदारांची राष्ट्रीय संघटना कोर्टात गेली. स्वच्छ ट्रकला आमची हरकत नाही, पण आम्ही कुणाला नोकरीत घ्यायचं हे बंदर कसं ठरवणार, असं त्यांचं म्हणणं. २०११ साली अपील कोर्टाने नोकरीचं कलम रद्द केलं. दुसऱ्या दोन अटींवर २०१३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने वाहतूकदारांच्या बाजूने निकाल दिला. कायद्याच्या भाषेत तो बरोबरच असेल, मी वकील नाही. पण परिणाम असा झाला, की ट्रक बदलणं सक्तीचं राहिलं आणि ते कुणाच्या खिशातून बदलायचे याचं उत्तर मोकळं सुटलं. मोकळं सुटलेलं ओझं उतारावरून कुठे जातं, ते आपल्याला माहीत आहे.

अनेक कंपन्यांनी नवे ट्रक घेतले आणि ते हप्त्याने ड्रायव्हरांच्या गळ्यात बांधले. सही कर नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. करार इंग्रजीत, ड्रायव्हरची भाषा स्पॅनिश. आठवड्याच्या पगारातून हप्ता, विमा, डिझेल, दुरुस्ती, सगळं कापून जे उरेल ते त्याचं. कधी काहीच उरायचं नाही. आजारी पडला, चार हप्ते चुकले, की ट्रक कंपनीचा आणि आजवर भरलेले पैसेही कंपनीचे. २०१७ साली 'यूएसए टुडे' या वर्तमानपत्राने वर्षभर शोध घेऊन हे सगळं बाहेर काढलं. दिवसाचे वीस-वीस तास गाडी चालवणारी माणसं त्यांना भेटली. कॅलिफोर्नियाच्या कामगार खात्याने शेकडो ड्रायव्हरांच्या बाजूने निर्णय दिले होते, पण कंपन्या नाव बदलून पुन्हा उभ्या राहायच्या. अखेर २०१८ साली राज्याने कायदा केला: ज्या वाहतूक कंपनीने ड्रायव्हरांचे कोर्टाने ठरवलेले पैसे बुडवले आहेत, तिला माल देणारा दुकानदारही त्या पुढच्या देण्याला जबाबदार.

म्हणजे बघा, मोठ्या कंपन्यांच्या नावाची लाज हवा साफ करायला उपयोगी पडली, आणि मजुरी वसूल करायलाही शेवटी तीच कामी आणावी लागली. मध्ये दहा वर्षं गेली.

मी हे सांगतोय म्हणून ती सगळी योजनाच खोटी होती असं कृपा करून समजू नका. आमच्या साहित्यिकांत ही एक खोड आहे, कुठेही अन्याय दिसला की सगळं घरच पाडायला निघतो. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९९३ पासून तिथल्या शाळकरी मुलांची फुप्फुसं मोजायला घेतली होती. दर काही वर्षांनी नवी मुलं, तीच मोजणी. त्यांनी २०१५ साली जाहीर केलं की हवा जसजशी सुधारली तसतशी मुलांची फुप्फुसं अधिक भरत गेली. लाँग बीचची मुलं त्यांत होती. ते यश काही एकट्या ट्रकांचं नाही, इंधन सुधारलं, कारखाने सुधारले, गाड्या सुधारल्या. पण त्या मुलांच्या छातीत जी जादा हवा मावते तिच्यात त्या ड्रायव्हरांच्या हप्त्यांचा हिस्सा आहे. पुढच्या वेळी हिशेब मांडताना तो हप्ता खर्चाच्या रकान्यात दिसावा, एवढंच माझं म्हणणं.

आणि पुढची वेळ आलेलीच आहे. दोन्ही बंदरांनी २०३५ पर्यंत सगळे ट्रक धूर न सोडणारे, म्हणजे मुख्यतः विजेचे, करायचं ठरवलं. त्यासाठी १ एप्रिल २०२२ पासून वीस फुटी कंटेनरमागे दहा डॉलर घ्यायला सुरुवात झाली. विजेच्या अवजड ट्रकची किंमत तिथे डिझेलच्या दुप्पट-तिप्पट. राज्याने तर २०२४ पासून बंदरासाठी नवा नोंदवला जाणारा प्रत्येक ट्रक धूरमुक्तच हवा, असा नियम केला होता. केंद्राची परवानगी लागणार होती. वॉशिंग्टनमध्ये सरकार बदलणार हे दिसताच २०२५ च्या जानेवारीत राज्याने तो अर्जच मागे घेतला. तेव्हा तिकडेही सगळं सुरळीत नाही.

आता आपल्या दाराशी येऊ. न्हावा-शेव्याला २०२४-२५ या वर्षात वीस फुटी मापाने सत्तर लाखांहून अधिक कंटेनर हाताळले गेले. यातल्या बहुतेकांना कधी ना कधी ट्रेलरवर बसावंच लागतं. या बंदरासाठी, नव्या मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी गेल्या, ज्यांचे पाच माणसं १९८४ च्या आंदोलनात गेली, त्या उरण-पनवेलच्या गावांतल्या कित्येक घरांनी पुढे मिळालेल्या पैशांतून ट्रेलर घेतले. शेतीचा नांगर गेला आणि दारात 'घोडा' आला. ट्रेलरच्या पुढच्या इंजिनाच्या भागाला आमच्याकडे घोडाच म्हणतात.

इथेही गोष्टी बदलल्यात, नाही म्हणणं अन्याय होईल. माझ्या कचेरीच्या काळात आयात कंटेनर जहाजातून उतरला की आधी बंदराबाहेरच्या कंटेनर यार्डात जायचा, तिथे कागदांची वाट बघत पडायचा, मग दुसऱ्या ट्रेलरवर चढून कारखान्यात जायचा. २०१६ पासून बंदरातून थेट कारखान्याकडे माल नेण्याची सोय सुरू झाली. ती सुरू झाली वेळ आणि पैसा वाचवायला, हवेचं नावही कुणी घेतलं नसेल. पण एक अख्खी फेरी वाचली की तिचा धूरही वाचतो. रस्त्याच्या कडेला मैलभर लागणाऱ्या ट्रेलरांसाठी बंदराने मोठा वाहनतळ केला. २०२० च्या एप्रिलपासून देशात नवी गाडी बीएस-सिक्सच मिळते, तिलाही ती काजळीची गाळणी असते. आणि २०२५ च्या सप्टेंबरात बंदरात पन्नास अवजड विजेच्या ट्रकांचा ताफा उतरवला गेला, बॅटरी चार्ज होण्याची वाट न बघता संपलेली काढून भरलेली बसवायची सोय असलेला. बंदराच्या आवारातल्या सुमारे सहाशे ट्रकांपैकी नव्वद टक्के २०२६ च्या डिसेंबरपर्यंत विजेवर आणायचं उद्दिष्ट जाहीर झालं. मी ती बातमी दोनदा वाचली. खरोखर आनंद झाला.

पण सहाशे म्हणजे आवारातले. फाटकाबाहेरच्या हजारो गाड्यांचं काय? माझ्या भाच्याची गाडी २०१४ ची, बीएस-थ्री. ती त्याने तिसऱ्या हाताने घेतली. गाडीचे हप्ते आत्ता कुठे संपलेत, आता फक्त लेकीच्या कॉलेजच्या फीचे चालू आहेत. जुनी गाडी मोडीत द्यायची सोय आहे, प्रमाणपत्र मिळतं, नव्या गाडीत थोडी सूट मिळते, पण मोडीचे पैसे आणि नव्या घोड्याची किंमत यांत जो फरक आहे तो भरायला त्याला पुन्हा आठ-दहा वर्षं लागतील. तो पन्नाशीला टेकलाय.

मी त्याला म्हटलं, "अरे, पण तुलाच तर खोकला आहे. रात्री झोप लागत नाही म्हणतोस."

"म्हणून तर म्हणतो मामू," तो म्हणाला, "धूर आधी माझ्याच नाकात जातो. गाडी बदलायला मी नाही म्हणतच नाही. माझ्या गाडीत ज्याचे टीव्ही आणि फ्रिज जातात, तो भाडं ठरवताना एक रुपया वर जात नाही. त्याला सांगा ना कुणीतरी."

लॉस एंजेलिसला पस्तीस डॉलर मालाच्या धन्याकडून घेतले होते, हे मी त्याला सांगितलं. पस्तीस डॉलर म्हणजे किती, म्हणून त्याने मोबाइलवर हिशेब केला. एका कंटेनरमध्ये किती फ्रिज मावतात ते त्याला तोंडपाठ आहे. भागाकार करून त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. एका फ्रिजमागे जो आकडा आला, तेवढ्यात पनवेल स्टँडवर दोघांचा चहा-नाश्ता झाला असता.

तेवढ्यात त्याला फोन आला. रात्री दहाला फाटकाशी हजर राहायचं होतं. ईदचा दिवस होता, पण जहाजाला ईद नसते. त्याच्या मामीने डब्यात बिर्याणी भरून दिली. मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेलो. त्याने किल्ली फिरवली, मागे काळा लोट उठला, आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून तो म्हणाला, "मामू, बाजूला व्हा, कपडे खराब होतील."